चौकट : पुढचं दिसणारी मुलगी आणि कोकणातला प्रेक्षक

नेत्राला पुढे घडणारं आधीच दिसतं. झी मराठीवर १२ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ ही मालिका मूळ बंगाली ‘त्रिनयनी’वर बेतलेली. नेत्रा झाली तितीक्षा तावडे, तर खलनायिका रूपाली झाली ऐश्वर्या नारकर.

किहीमसारख्या कोकणच्या अष्टागरातल्या गावाला हा विषय परका नाही. नारळी-पोफळीच्या वाडीत दिवेलागणीनंतर चकवा नि मुंज्याच्या गोष्टी ऐकतच इथली मुलं मोठी झाली. तरीही कोकणी माणूस पडद्यावरचं सगळंच मुकाट्याने मान्य करत नाही. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली तेव्हा ती जिथे चित्रित झाली तो सिंधुदुर्गातल्या आकेरीचा वाडा पाहायला लोक लोटले आणि त्याच सिंधुदुर्गातून कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असा आक्षेपही आला. मला तो आक्षेप रास्त वाटतो. गोष्टीतल्या भुताची मजा वेगळी. पण अंगात येणाऱ्या पोराला डॉक्टरऐवजी भगताकडे नेणारी घरं आजही आहेत.

अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवायला केबल टीव्ही नियम, १९९४ मधील नियम ६ मनाई करतो. आक्षेप असल्यास आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करावी. मालिका, भागाची तारीख आणि वेळ जरूर लिहावी.

आणि मालिकेत काम करणाऱ्या मुलांचं काय? १४ वर्षांखालील बालकलाकाराला दिवसाला जास्तीत जास्त ५ तास, तेही सलग ३ तासांहून अधिक नाही, एवढंच काम देता येतं. मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत जमा करावे लागतात.