‘कुठे पोचलात?’ विचारण्याआधी…

संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला आपल्या गावातल्या कुठल्याही चौकात पाच मिनिटं उभं राहून बघा. मान वाकडी करून, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून धरलेला मोटरसायकलवाला दिसेल. स्कार्फच्या घडीत फोन खोचून हसत-बोलत निघालेली स्कूटीवरची मुलगी दिसेल. एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फोन असा जीपवाला दिसेल. उसाच्या दोन ट्रॉल्या मागे जोडलेल्या, टेपवर गाणी मोठ्यानं लावलेली आणि त्यातच फोनवर ओरडून बोलणारा ट्रॅक्टरवालाही दिसेल. आपण म्हणतो, “काय ही माणसं! जिवाची पर्वाच नाही.”

पण मैत्रिणींनो, ही माणसं बोलतायत कोणाशी, असा विचार कधी केलाय का?

फोनला दोन टोकं असतात. एक रस्त्यावर असतं आणि दुसरं पुष्कळदा घरात, आपल्या हातात असतं. “अहो, कुठे पोचलात?” “येताना कोथिंबीर आणा हं.” “अरे, क्लास सुटला का? अजून आला कसा नाहीस?” हे सगळं आपण काळजीपोटी आणि मायेनंच विचारतो. पण ज्याला विचारतो तो त्या वेळी कुठे आहे, हे आपल्याला दिसत नसतं.

बचत गटाच्या कामामुळे माझं घराघरांत जाणं-येणं असतं. आमच्या गटात एक बाई आहे, पस्तिशीची. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा कामावरून मोटरसायकलनं घरी येत होता. अंधार पडलेला. रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेली ट्रॉली उभी, तिला ना दिवा, ना लाल पट्टी. त्याचा एक हात हँडलवर आणि दुसरा कानाशी होता. फोन तिचाच होता. ‘येताना दूध आणा’ एवढंच तिला सांगायचं होतं. वाक्य पुरं व्हायच्या आत तिकडून आवाज आला आणि मग काहीच ऐकू येईना.

सासरच्या काहींनी तिला तोंडावर ऐकवलं, “तूच फोन केलास ना!” ट्रॉली अंधारात उभी करणाऱ्याला कोणी बोललं नाही, बोल लागला तो हिला. तुझा दोष नाही, हे मी तिला कितीदा तरी सांगितलं. वर्षभरानं ती एकदा मोकळेपणानं बोलली. म्हणाली, “ताई, मला एकच कळत नाही. त्यांनी फोन उचलला कशाला? दूध काय, मीच आणलं असतं की!”

उचलला कशाला? या प्रश्नापाशी मी फार वेळ थांबले. मला वाटतं, उचलायची सवय आपण सगळ्यांनी मिळून लावलेली आहे. घरचा फोन उचलला नाही, की लगेच दुसरा येतो, मग तिसरा. घरी गेल्यावर पुन्हा “फोन का उचलला नाहीत?” म्हणून जाब द्यावा लागतो. त्यापेक्षा चालता चालता “हॅलो” म्हटलेलं परवडलं, असं माणसाला वाटायला लागतं.

आता थोडा हिशेब करू. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे आपल्याला काही फार वेग वाटत नाही. पण या वेगानं गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. कोणाचा फोन आहे हे बघायला दोन सेकंद लागले, तर बावीस मीटर न बघता गेले. मेसेज वाचायला पाच सेकंद लागले, तर पंचावन्न मीटर. म्हणजे एसटीच्या पाच गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढं अंतर होईल, तेवढं अंतर डोळे मिटून! आणि आपले रस्ते कसे, ते मी काय सांगावं? मध्येच कुत्रं येतं, खड्डा येतो, रंग उडालेला गतिरोधक येतो, शाळा सुटलेली पोरं येतात.

काही जण म्हणतात, “आम्ही हातात धरतच नाही, कानात घालून बोलतो. मग काय हरकत?” हरकत आहे. टोरांटो या कॅनडातल्या शहरातल्या ६९९ वाहनचालकांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. हे सगळे अपघात झालेले चालक होते. त्यांच्या फोनच्या बिलांवरून कोण कधी बोलत होतं, ते तपासलं गेलं. फोनवर बोलताना अपघाताची शक्यता साधारण चौपट होते, असं त्यात दिसलं. हातात न धरता बोलणारेही त्यातून सुटले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते. कारण हात मोकळा झाला तरी मन मोकळं होत नाही. डोळे रस्त्यावर असतात आणि चित्त घरातल्या भांडणात, नाहीतर बँकेच्या हप्त्यात असतं. समोरची गाडी दिसते, पण ध्यानात येत नाही.

“मग शेजारी बसलेल्याशी बोललेलं कसं चालतं?” हाही प्रश्न आमच्या बैठकीत एकीनं विचारला होता. प्रश्न रास्त आहे. शेजारच्या माणसाला रस्ता दिसत असतो. ट्रक अंगावर आला की तो आपणहून गप्प बसतो, “अहो, जपून” असं म्हणतो. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली नेमका हाच फरक दाखवून दिला. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही, त्यामुळे तो बोलतच राहतो.

सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. मोबाइलच्या वापरामुळे म्हणून नोंद झालेले मृत्यू २०२१ साली १ हजार ४० होते. एवढेच? असं वाटेल. पण फोन कानाला होता, हे सांगायला माणूसच उरला नाही आणि बघणारंही कोणी नसलं, तर ते कागदावर यायचं कसं?

कायदा आहे, नाही असं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं हे धोकादायक वाहन चालवणं ठरतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे रस्ता शोधण्यापुरता फोन वापरता येतो, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. पण चौकातला पोलीस चौकापुरताच. पुढच्या रस्त्यावर पहारा घरच्यांचाच हवा.

शाळेच्या व्हॅनचंच बघा. आमच्या महिला मंडळानं मागे व्हॅनवाल्या काकांची एक बैठक घेतली. तक्रार आयांचीच होती, की काका गाडी चालवताना फोनवर बोलतात. एका काकांनी शांतपणे खिशातून फोन काढला आणि त्या दिवशी सकाळी आलेले कॉल दाखवले. पाऊण तासात अकरा! सगळे आयांचेच. “काका, कुठवर आलात?” “काका, पाच मिनिटं थांबा, वेणी घालायचीय.” काका म्हणाले, “ताई, नाही उचलला तरी तक्रार तुमचीच असते.” बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मग तिथेच ठरलं, की काकांनी निघताना, गाडी सुरू करायच्या आधी, ग्रुपवर एक निरोप टाकायचा. त्यानंतर कोणीही फोन करायचा नाही. पोर तयार नसेल तर व्हॅन थांबणार नाही. पहिले आठ दिवस कुरकुर झाली, पण आता सुरळीत चाललंय.

आज आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतःच गाडीवर असतात. आशाताई, अंगणवाडीताई, पार्लरवाल्या, डबे पोचवणाऱ्या. त्यांना घरचेही फोन आणि कामावरचेही. “मीटिंगला कुठपर्यंत आलात?” असं विचारणारे साहेब आणि मॅडमसुद्धा फोनच्या दुसऱ्या टोकालाच असतात. त्यांनीही हे ध्यानात घ्यायला हवं.

मग करायचं काय? फार अवघड काही नाही. फोन लावल्यावर पहिला प्रश्न, “गाडीवर आहेस का?” आणि उत्तर ‘हो’ आलं, की “बरं, पोचल्यावर कर” म्हणून फोन ठेवून द्यायचा. दुधाचं, भाजीचं, दळणाचं सांगायचं असेल तर माणूस निघायच्या आधी सांगावं. निघायची वेळ झाली असेल तर नुसता मेसेज टाकावा, थांबल्यावर बघेल. फोन उचलला नाही तर पुन्हा पुन्हा लावू नये. आणि मुख्य म्हणजे घरी आल्यावर जाब विचारू नये. उलट म्हणावं, “गाडीवर होतात म्हणून उचलला नाहीत ना? बरं केलंत.”

स्वतः गाडी चालवताना फोन सायलेंट करून डिकीत ठेवावा. मागे कोणी बसलं असेल तर फोन त्यांच्या हातात द्यावा, बोलायचं ते बोलतील. अगदीच बोलणं भाग असेल तर मागचं बघून, इंडिकेटर देऊन, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी, मग बोलावं. भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबून थांबणं हा तर दुसऱ्या अपघाताला दिलेला आवताण! पुष्कळ स्मार्टफोनमध्ये ‘मी गाडी चालवतोय, नंतर फोन करतो’ असा निरोप आपोआप जाण्याची सोय असते. आपल्याला जमत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सांगा, दोन मिनिटांत लावून देईल.

गेल्या संक्रांतीला आमच्या मंडळानं हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटले नाहीत. गटातल्या बायकांनी शिवलेली, चेनची छोटी कापडी पिशवी वाण म्हणून दिली. फोन त्यात घालायचा आणि पिशवी डिकीत टाकायची. पिशव्या शिवणाऱ्यांत ती दूधवाल्या फोनची बाईही होती. सगळ्यांत जास्त पिशव्या तिनंच शिवल्या. वाण देताना ती प्रत्येकीला एकच सांगत होती, “घरधन्याला द्या, पोराला द्या, पण द्याच.”

काळजी करायला कोणी नको म्हणत नाही. पण माणूस घरी पोचेपर्यंत ती आपल्यापाशीच ठेवायला शिकलं पाहिजे. दहा मिनिटं उशीर झाला तर जीव टांगणीला लागतो, हे खरं. पण ती दहा मिनिटं फोन न करता काढणं, हीसुद्धा मायाच आहे. बघा, पटतंय का!