पोटातल्या बाळाचा अंदाज

सातवा महिना सरलाय. पहिलटकरीण खुर्चीत टेकून बसलीय आणि तिला प्रश्न विचारले जाताहेत ते तिच्याच लहानपणाबद्दल. आईशी नातं कसं होतं, पाच शब्दांत सांगा. आता प्रत्येक शब्दाला एकेक आठवण. लागलं-खुपलं की कोणाकडे धावायचात? आईबाबा तसे का वागत असतील?

ही लंडनची गोष्ट. पीटर फोनागी, मिरियम स्टील आणि हॉवर्ड स्टील यांनी सुमारे शंभर जणींना असं बोलतं केलं. बाळं वर्षाची झाल्यावर मायलेकरांना एका अनोळखी खोलीत खेळायला बसवलं. आई तीनेक मिनिटं बाहेर जाते, परत येते. खरी नजर ठेवायची ती या परतण्यावर. बाळ तिच्याकडे झेपावतं आणि शांत होऊन पुन्हा खेळायला लागतं? तोंड फिरवतं? की कडेवर घेतलं तरी धुमसत राहतं?

१९९१ साली निष्कर्ष छापून आले. बाळ आईपाशी निर्धास्त असेल का, हे गरोदरपणीच्या त्या गप्पांवरून चारांत तीन वेळा बरोबर ओळखता आलं होतं! अजून ज्याचं तोंडही कोणी पाहिलं नव्हतं, त्या बाळाबद्दल!

मग काय, सुखी बालपण तर सुखी बाळ? नाही ना! समजा, एकजण म्हणते, "आई म्हणजे देवच." पण प्रसंग विचारला तर एकही आठवत नाही. दुसरी म्हणते, "आई मारायची. वाटायचं, मीच वाईट. आता कळतं, पैशाच्या काळजीनं तिचा जीव टांगणीला असायचा. पण मला लागायचं, ते लागायचंच." दुसरीचं बाळ निर्धास्त असण्याची शक्यता जास्त. काय घडलं यापेक्षा त्यामागची मनं तिला दिसतात का, हे मोलाचं. खडतर बालपणाच्या ज्या १० जणींना ती दिसत होती, त्या दहाही जणींची बाळं निर्धास्त निघाली. ज्यांना दिसत नव्हती, त्या १७ जणींपैकी फक्त एकीचं.

वडिलांनाही असंच विचारलं, तर त्यांच्या उत्तरांचा मेळ बाळाच्या वडिलांशी असलेल्या नात्याशी बसला. एकाच बाळाची दोन वेगळी नाती!

पण आईच्या मनातली ही नजर बाळापर्यंत पोचते कशी? आपल्याच घरात ऐका. बाळ रडतं आणि आई ओठ काढून, सूर लांबवून म्हणते, "अले अले, लाग आला आमच्या सोन्याला?" तिच्या चेहऱ्यावर बाळाचा राग आहे, पण मुद्दाम वाढवलेला, खेळातला. बाळाला जणू दोन गोष्टी एकदम कळतात: हे माझंच आहे, आणि आई यानं घाबरलेली नाही. आपण तर त्याच्या वतीनं बोलतोसुद्धा, "आम्हाला नाही जायचं आंघोळीला!" अजून शब्द न फुटलेल्या जिवाला आपण मन बहाल करून टाकतो.

आणि हे दरवेळी अचूक जमावं लागत नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी मायलेकरांचं समोरासमोरचं खेळणं बारकाईनं तपासलं, तर सूर जुळलेला जेमतेम तिसरा हिस्सा वेळ! बाकीचा वेळ चुकण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जातो.

भूक लागली? नाही, मान फिरवली. झोप आली? नाही, हातपाय झाडतोय. मग उकडतंय का माझ्या राजाला? आई स्वेटरची बटणं सोडते, आणि हुंदका अर्ध्यावर थांबतो.