काकडीची प्रत ओळखणारे यंत्र

मंडईत भेंडी निवडणाऱ्या एखाद्या आजींकडे तुम्ही कधी लक्ष देऊन पाहिले आहे काय? भेंडीचे टोक त्या अंगठ्याने हलकेच मोडतात. 'टक्' असा आवाज झाला की भेंडी पिशवीत, नाही तर परत ढिगात. एका भेंडीला एक सेकंदही लागत नाही. आता त्यांना विचारा, "आजी, चांगली भेंडी ओळखण्याचा नेमका नियम कोणता?" त्या हसतील आणि म्हणतील, "अरे, नियम कसला त्यात? हाताला कळते!"

हे 'हाताला कळणे' यंत्राला शिकवता येईल का? पूर्वी संगणकाकडून काम करून घ्यायचे म्हणजे त्याला पायरीपायरीने नियम लिहून द्यावे लागत. जिथे नियमच सांगता येत नाही, तिथे संगणक थांबे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या साधनांनी ही अडचण निराळ्या मार्गाने सोडवली आहे. या साधनांबद्दल बोलताना आपण बहुधा मोठमोठ्या कंपन्यांची उदाहरणे घेतो. आज मात्र आपण जपानमधील एका लहान कौटुंबिक व्यवसायाची हकिकत पाहू.

आईचे आठ तास

जपानच्या शिझुओका प्रांतात श्री. माकोतो कोइके यांच्या आईवडिलांची काकडीची शेती आहे. श्री. कोइके पूर्वी मोटार उद्योगात संगणक प्रणालींचे अभियंता होते. ती नोकरी सोडून ते २०१५ च्या सुमारास घरच्या शेतीत मदत करू लागले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की काकडी पिकवण्याइतकेच ती निवडण्याचे काम कष्टाचे आहे.

त्यांच्याकडे काकडीच्या तब्बल ९ प्रती करतात. लांबी, जाडी, रंग, वाक, अंगावरचे ओरखडे, सालीवरचे बारीक काटे हे सारे पाहून प्रत ठरते. हे काम त्यांची आई करीत असे. ऐन हंगामात यासाठी दिवसाचे आठ आठ तास जात. मदतीला मजूर ठेवावा, तर नजर तयार व्हायलाच काही महिने लागतात. तोवर हंगाम संपतो! बाजारात मिळणारी निवड यंत्रे लहान शेतकऱ्याला परवडण्याजोगी नव्हती.

२०१६ च्या मार्च महिन्यात 'अल्फागो' या संगणकीय कार्यक्रमाने 'गो' या खेळातील नामांकित खेळाडू ली सेडॉल यांना ४-१ असे हरवले. अल्फागोच्या करामतीने श्री. कोइके थक्क झाले. जे तंत्र पटावरच्या सोंगट्या पाहून चाल ठरवते, ते काकडी पाहून प्रत का ठरवणार नाही? लागणारे सामान स्वस्त होते. ३५ डॉलर किमतीचा, तळहातावर मावणारा 'रास्पबेरी पाय ३' हा संगणक, एक कॅमेरा, आणि गूगलने २०१५ मध्ये सर्वांना फुकट खुली केलेली 'टेन्सरफ्लो' ही प्रणाली. एकच गोष्ट विकत मिळणारी नव्हती, ती म्हणजे आईची नजर. म्हणून आईने प्रत लावलेल्या काकड्यांची सुमारे ७,००० छायाचित्रे त्यांनी घेतली. या कामात जवळजवळ तीन महिने गेले.

यंत्र शिकते म्हणजे काय?

हे समजण्यासाठी आपण एक छोटा हिशेब करू. काकडीची दोनच मापे घ्या : लांबी (सेंटिमीटरमध्ये) आणि वाक (मिलिमीटरमध्ये). त्यांवरून काकडीला गुण देऊ.

गुण = लांबी − (भार × वाक)

गुण १० किंवा जास्त आले तर पहिली प्रत, कमी आले तर दुसरी. 'भार' म्हणजे वाकाला किती महत्त्व द्यायचे तो आकडा. तो आपल्याला माहीत नाही, म्हणून सुरुवातीला १ धरू.

पहिली काकडी : लांबी २०, वाक ४. गुण १६, म्हणजे पहिली प्रत. आईचेही मत तेच. ठीक. दुसरी काकडी : लांबी २२, वाक ९. गुण १३, म्हणजे पहिली प्रत. पण आई म्हणते, दुसरी! चूक झाली. भार वाढवून २ करू. आता गुण १२ आणि ४ येतात. दोन्ही उत्तरे बरोबर. तिसरी काकडी : लांबी १६, वाक ४. गुण ८, म्हणजे दुसरी प्रत. पण आई म्हणते, पहिली. पुन्हा चूक! भार थोडा कमी करून १.५ घेऊ. तिन्ही काकड्यांचे गुण आता १४, ८.५ आणि १० येतात. तिन्ही उत्तरे आईशी जुळली.

आपण नियम कोणाला विचारला नाही. चूक झाली की भार थोडा हलवला, इतकेच. यंत्राचे 'शिकणे' ते हेच. खऱ्या यंत्रात असे भार हजारोंनी असतात, ते एकापुढे एक थरांनी जोडलेले असतात आणि मापांच्या जागी चित्रातील ठिपक्यांचे आकडे असतात. या रचनेला 'न्यूरल नेटवर्क' म्हणतात. ७,००० चित्रांवरून भार ठरवायला श्री. कोइके यांच्या संगणकाला दोन ते तीन दिवस लागले.

९५ चे ७० का झाले?

यंत्र तयार झाले. पट्ट्यावरून येणाऱ्या काकडीचे चित्र घेऊन ते तिची प्रत ठरवी व तिला त्या त्या खोक्यात ढकली. चाचणीसाठी राखलेल्या चित्रांवर ९५ टक्क्यांहून अधिक उत्तरे बरोबर आली. पण प्रत्यक्ष कामाला लावताच हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आले.

७० टक्के म्हणजे अगदीच वाईट नव्हे. ९ प्रतींपैकी एक डोळे मिटून सांगितली, तर ११ टक्केच उत्तरे बरोबर येतील. तरीही १०० पैकी ३० काकड्या चुकीच्या खोक्यात पडणे कोणत्या व्यापाऱ्याला चालेल?

श्री. कोइके यांना एका कारणाचा संशय होता. ते तुमच्या चांगल्या परिचयाचे आहे : घोकंपट्टी! जो विद्यार्थी मागच्या वर्षांची उत्तरे पाठ करतो, तो ओळखीच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवतो आणि प्रश्न जरा फिरवला की अडतो. उदाहरणे थोडी आणि भार पुष्कळ असले, की यंत्राचेही असेच होते.

दुसरी मर्यादा पदार्थविज्ञानातली आहे. हिशेब आटोक्यात राहावा म्हणून चित्रे ८० × ८०, म्हणजे ६,४०० ठिपक्यांची ठेवली होती. समजा, चित्रात २४ सेंटिमीटर लांबी मावते. मग एक ठिपका ३ मिलिमीटरचा झाला. अर्धा मिलिमीटर रुंदीचा ओरखडा त्यात कसा दिसणार? त्यामुळे यंत्राला आकार, लांबी आणि वाक कळे. ओरखडे, काटे, सालीचा पोत व रंग कळत नसे. आई हे सारे पाहत होती. जे चित्रात उतरलेच नाही, ते यंत्र शिकणार कसे?

पुढे श्री. कोइके यांनी यंत्राचा घाटच बदलला. काकड्या टेबलावर ठेवायच्या, संगणकाने प्रत दाखवायची, आणि उचलून खोक्यात ठेवायचे काम माणसाने करायचे. नवख्या हातालाही अशी मदत होते, आणि यंत्र चुकले तर ती चूक जाणत्या माणसाच्या नजरेसमोर घडते.

तागडी आणि तिची तपासणी

दुकानातली तागडी ठरावीक मुदतीने तपासून तिच्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. प्रयोगशाळेत व्हर्नियर हाती घेतल्यावर आपण आधी तिची शून्यत्रुटी पाहतो. पण मालाची निवड करणारे, उद्या किती माल खपेल याचा अंदाज देणारे किंवा गिऱ्हाइकाच्या पत्राला उत्तर लिहिणारे साधन जेव्हा एखादा लहान व्यावसायिक आणतो, तेव्हा त्याच्या मालावर ते किती चुकते याचा शिक्का मारून कोणी देत नाही. हे काम त्याचे त्यालाच करावे लागते. साधन कोणाच्या उदाहरणांवरून शिकले? आपल्या मालावर ते किती वेळा चुकले? आणि चूक झाली तर ती कोणाच्या लक्षात येईल? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कोणाच्याच नाही' असे असेल, तर घाई करू नये.

तुम्ही हे स्वतः करून पाहा. घरी किंवा वर्गात ४० काकड्या, भेंड्या किंवा गाजरे घ्या. प्रत्येकीवर क्रमांक घाला, फूटपट्टीने लांबी व वाक मोजा आणि जाणत्या व्यक्तीकडून प्रत लावून घ्या. ३० नगांवरून भार आणि प्रतीची सीमा ठरवा. उरलेल्या १० नगांना तोवर हात लावू नका. मग त्यांवर आपला नियम चालवा आणि किती उत्तरे चुकली ते प्रामाणिकपणे लिहून ठेवा. चुकलेले नग घेऊन प्रत लावणाऱ्या व्यक्तीकडे जा आणि विचारा, "हिच्यात तुम्हांला असे काय दिसले, जे आम्ही मोजलेच नाही?"

त्या उत्तरात तुम्हांला पुढचे माप सापडेल.