शाळा आणि साथीचे आजार (लेखांक ४) : शिक्षकाला धोका कोठे दिसतो

शाळेत शिरलेल्या संसर्गाची पहिली चाहूल बहुधा वर्गशिक्षकाला लागते. परंतु त्यानंतर तो काय करतो, हे आजाराच्या वैद्यकीय गांभीर्यापेक्षा तो आजार त्याच्या किती ओळखीचा आहे आणि उद्या जाब कोणाला द्यावा लागेल, यावर अधिक ठरते. माणसाला एखादा धोका किती मोठा वाटतो, या जाणिवेला अभ्यासक 'जोखीम-आकलन' म्हणतात. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की, हे आकलन मुख्यतः दोन गोष्टींनी घडते : धोक्याची भयावहता आणि त्याची अपरिचितता.

करोनात या दोन्ही गोष्टी होत्या, आणि आदेशांचीही वाण नव्हती. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास राज्य शासनाने मुभा दिली, तेव्हा शिक्षकांना चाचणी सक्तीची होती आणि पालकांचे संमतीपत्र आवश्यक होते. पुढच्या वर्षी ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले, तर तीनच दिवसांनी, घटस्थापनेला, राज्यातील मंदिरे उघडली. रेणुकादेवीच्या माहुरात नवरात्र म्हणजे यात्रेचा काळ असल्याने, वर्गात बाकांमधील अंतर मोजणाऱ्या शिक्षकापुढे गडावर जाणाऱ्या गर्दीचा प्रश्न उभा राहणे अपरिहार्य होते, आणि त्या प्रश्नाला शाळेच्या नियमावलीत उत्तर असणे शक्यच नव्हते.

ओळखीच्या आजारांची गत याच्या उलट होते. गालफुगी, कांजिण्या, डोळे येणे हे दरवर्षीचेच, म्हणून त्यांची भीती उरत नाही, आणि भीती नसली की दक्षताही ढिली पडते. शिवाय शिक्षक डोळ्यांना दिसेल त्यावर निर्णय घेतो, तर संसर्ग त्याच्या पुढे असतो : गोवराचा रुग्ण अंगावर पुरळ उठण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासून आजार पसरवू लागतो, त्यामुळे पुरळ पाहून घरी पाठवलेल्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्यांना तोवर लागण झालेली असू शकते. पुरळ उठल्यानंतरचे चार दिवस मुलाला शाळेपासून दूर ठेवणे तरीही आवश्यकच असते. मात्र खरा आधार लसीचा. २७ नोव्हेंबर २०१८ पासून राज्यात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम राबवली गेली आणि तिचा मोठा भाग शाळांतच पार पडला. अशा वेळी शिक्षकाच्या मनातील तराजू पुन्हा हलतो, कारण गोवर झाला तर दोष कोणी त्याला देत नाही, पण सुई टोचल्यावर मूल घाबरून भोवळ येऊन पडले तर गाव त्यालाच विचारते.

मुलाला घरी पाठवण्याची किंमतही सर्वत्र सारखी नसते. माहूर-किनवट पट्ट्यातील वाड्या-तांड्यांत आई-बाप रोजाच्या कामाला गेलेले असतात आणि शाळेचा पोषण आहार हे दुपारचे भरवशाचे जेवण असते. तेव्हा किरकोळ ताप-खोकल्याच्या मुलाला वर्गात बसू देणाऱ्या शिक्षकाला सरसकट बेफिकीर म्हणणे अन्यायाचे ठरेल. आदिवासी मुलांसाठीच्या निवासी आश्रमशाळांत तर वर्ग आणि घर एकच. तेथे खरूज हा सर्वांत बोलका दाखला होय. त्वचेत बिळे करणाऱ्या सूक्ष्म किडीमुळे होणाऱ्या या आजारात पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून एक मूल खाजवताना दिसले तेव्हा त्याच्या लगत झोपणारी मुले बहुधा आधीच बाधित असतात. एकट्याला मलम देऊन भागत नाही. निकट सहवासातील सर्वांना, खाज असो वा नसो, एकाच वेळी औषध लावावे लागते आणि अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुवावे लागतात. यासाठी हवे असते ते भरपूर पाणी, पुरेसे मलम आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे पथक, आणि यांपैकी एकही गोष्ट अधीक्षकाच्या वा शिक्षकाच्या एकट्याच्या हातात नसते.