दातांतला मुलूख

आमच्या हिंडलग्यात ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न साधा राहत नाही. त्यामागे भाषा आणि सीमा उभ्या असतात. हाच प्रश्न पुरातत्त्वज्ञ हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांना विचारतात आणि उत्तर दफनांत व दातांत शोधतात.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवत. प्रौढांचे डोके उत्तरेकडे करीत व पावले घोट्याखाली तोडत. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागचा हेतू असावा. दफनावरून समाजाची रीत कळते. पुरलेला माणूस तिथेच वाढला का, हे कळत नाही. परगावाहून आलेली सूनही सासरच्याच रीतीने पुरली जाणार.

येथे समस्थानिके उपयोगी पडतात. एकाच मूलद्रव्याचे, पण वेगळ्या वस्तुमानाचे हे अणू. आवर्तसारणीत स्थान समान, म्हणून हे नाव. खडकातील स्ट्रॉन्शियम पाण्या-धान्यातून शरीरात येते आणि दातांत कॅल्शियमची जागा घेते. स्ट्रॉन्शियम-८७चे ८६शी असलेले प्रमाण दख्खनच्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या बेसॉल्टमध्ये कमी, तर दक्षिणेकडील अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांत जास्त असते. बेसॉल्टची दक्षिण कड आमच्या बेळगाव परिसरातच येते. दंतवल्क बालपणी घडते आणि पुन्हा बदलत नाही. म्हणून दात बालपणीचा मुलूख सांगतात.

हडप्पा आणि हरियाणातील फरमाणा येथील दातांचा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे पुरलेल्यांपैकी काही जण लहानपणी अन्य ठिकाणाहून आल्याचे त्यातून दिसले.

मात्र सारख्या खडकांवरची दोन गावे या पद्धतीने वेगळी ओळखता येत नाहीत. आणि दातांत भाषा साठत नाही. म्हणून वर्गात शिकवताना मी तीन प्रश्न वेगळे ठेवतो: माणूस कुठे वाढला, कोणत्या रीतीने पुरला गेला आणि काय बोलत होता. पहिल्याचे उत्तर दात देतात, दुसऱ्याचे दफन. तिसऱ्याला भाषेचाच पुरावा लागतो. सीमाभागात प्राचीन हाडांवर आजचा दावा लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. भाषेचा हक्क ती आज बोलणाऱ्यांमुळे असतो. त्याला हाडांची साक्ष लागत नाही.