‘पाहिजे’ नेमकं किती सक्तीचं?

चिंचणीशेजारच्या तारापूरला 1969 पासून अणुवीज केंद्र आहे, बोईसरकडे कारखान्यांची वसाहत. इथले इंग्रजी नियम वाचताना ‘शॅल’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांची गल्लत परवडत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या संहितांत ‘शॅल’ म्हणजे बंधन, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे मुभा. 2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाने कायद्यातही यंत्रांच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण घालण्याच्या कलमात ‘शॅल’च होतं, तिथे मालकाच्या मर्जीचा प्रश्नच येत नव्हता. मराठीत मात्र ‘आवरण घातलं पाहिजे’ हा हुकूमही असतो आणि सल्लाही. संदर्भावरून कळतंच की, असं कोणी म्हणेल. गप्पांत कळतं, फलकाजवळ उभ्या नव्या कामगाराला कोण सांगणार? न्यायालयं कधीकधी ‘मे’चा अर्थही सक्तीचा लावतात, हा आक्षेप अधिक वजनदार. पण तो अपवाद आहे, आणि अर्थ लावायलाही आधी नेमका शब्द लागतो.

नकारात तर घोटाळा जास्तच. ‘मस्ट नॉट’ म्हणजे सक्त मनाई, ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे नाही केलं तरी चालेल. म्हणून मराठी फलक लिहिणाऱ्यांनी ‘पाहिजे’, ‘नये’वर न थांबता ‘बंधनकारक’, ‘मनाई’, ‘ऐच्छिक’ असं स्पष्ट लिहावं.