संस्था हीसुद्धा कायद्याने 'व्यक्ती'च!



रोज सकाळी डेअरीला दूध घालता, ते कोणाला? चेअरमनला की सेक्रेटरीला? दोघांनाही नव्हे, संस्थेला. मग ही संस्था म्हणजे कोण? तिला हात-पाय नाहीत, तोंड नाही. तरी तिच्या नावावर जागा असते, बँकेत खाते असते, कोर्टात दावाही चालतो.

यात नवल नाही. देवस्थान इनामाच्या जमिनीचा सातबारा पाहा. त्यावर देवाचे नाव असते. पुजारी व्यवस्था पाहतो, मालक देव. कायदा देवाला जशी व्यक्ती मानतो, तशीच नोंदलेल्या संस्थेलाही मानतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ३६ सांगते की, नोंदणी झालेली संस्था स्वतःच्या नावाने मालमत्ता घेऊ शकते, करार करू शकते, दावा लावू शकते आणि तिच्यावरही दावा लावता येतो. माणसे येतात-जातात, संस्था चालू राहते. वारणेचे तात्यासाहेब कोरे १९९४ साली गेले. त्यांनी उभा केलेला कारखाना मागे राहिला.

मात्र व्यक्ती झाली म्हणून ती नागरिक होत नाही. कंपनी अगर महामंडळ हे घटनेच्या अर्थाने नागरिक नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली दिला. मतदान करायचे ते तुम्ही-आम्हीच.

आता हे घरच्या व्यवहारात कसे उपयोगी पडते ते पाहू.

पहिली गोष्ट, पावती संस्थेच्या नावाची घ्या. तोंडी शब्दावर राहू नका. चेअरमन बदलला म्हणून थकलेले बिल बुडत नाही. देणेकरी संस्था असते. तसेच, चेअरमन भावकीतला असला तरी सोसायटीचे कर्ज त्याला मनाने माफ करता येत नाही. तो पैसा त्याचा नव्हे.

दुसरी गोष्ट, पाटीवरचा 'मर्यादित' हा शब्द. संस्था तोट्यात गेली, तर सभासदाची जबाबदारी साधारणपणे त्याच्या शेअरपुरती असते. नेमकी किती, ते पोटनियमात पाहा. ठेव ठेवली असेल तर तिचा धोका मात्र वेगळा.

तिसरी गोष्ट, संस्थेला डोळे नाहीत, ते सभासदांनी व्हायचे. पोटनियम, ताळेबंद, सभेचे इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क कलम ३२ ने सभासदाला दिला आहे. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक सभा व्हावी लागते. अहवाल घरी नीट वाचून मगच सभेला जा. शेअर एक असो वा पन्नास, सभासदाला मत एकच.

आणि शेवटची, घरातली गोष्ट. वैरण आणते, धारा काढते ती कारभारीण. शेअर मात्र मालकाच्या नावावर! कायदा कष्ट विचारत नाही, रजिस्टरवरचे नाव विचारतो. तेव्हा तिलाही पोटनियमाप्रमाणे सभासद करून घ्या. आपल्या शेअरला वारसाचे नाव लावले आहे का, तेही पाहा. डेअरीत, सोसायटीत आणि कारखान्यात, तिन्ही ठिकाणी.